मागच्या बाजारचा शेवट

गुडीहत्नूरच्या बाजाराले येनाऱ्या कोन्याही बाईले विचारा, मोतीराम कोन? तिले त्याचं आडनाव माहीत नसन, घर माहीत नसन, पन ती लगेच म्हनन, "तो नाई का, शेवट दाखवनारा!" असं नाव कमावलेला मानूस मी तरी दुसरा पाह्यला नाई.

मी भागाबाई. मीनल टॉकीजच्या फाटकाजवळ माह्यं भज्याचं दुकान आहे. सासऱ्याची भाजीची वाडी होती. नवरा गेल्यावर वाडी दिरानं घेतली अन् मी कढई घेतली. माह्यी भिंत टॉकीजच्या भिंतीले लागून, म्हनून आतला पिक्चर मले बाहेर ऐकू येये. कितीतरी पिक्चर मी नुसते कानानंच पाह्यले. तर मोतीरामभाऊचं जे सांगते ते कोना दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाई. अन् मधात मले कोनी टोकू नका, माह्यं डोकं लवकर तापते.

मोतीरामभाऊचा बाप दुसऱ्याच्या वावरात राबे. हा टॉकीजवर आला तो पोस्टराले खळ लावाले. मंग गेटवर तिकीट फाडाले लागला, मंग मशीनवर गेला. टॉकीजचे मालक बाबारावसेठ म्हातारे झाले तवा त्यायनं सारा कारभार याच्यावरच सोडला. मॅनेजर तोच, मशीन चालवनारा तोच, लाइट गेली का जनरेटरची दोरी ओढनाराबी तोच. बायको ताराबाई वारली तवापासून तर तो घरी फक्त झोपाले जाये. एक पोरगी, दीक्षा, उटनूरले शाळेत मास्तरीन आहे. ती दर सुट्टीले येये अन् म्हने, "बाबा, आता पुरे झालं, माझ्याकडे चला." हा म्हने, "तिथं मी करू काय वं? तुह्या दारात उभा राहून कोनाचं तिकीट फाडू?"

आता शेवटाचं सांगते. बाजारच्या दिवशी रानातल्या गावायचे लोकं येतात, इंद्रवेल्लीकडचे, उटनूरकडचे. बाजार उठल्याशिवाय ते टॉकीजात शिरत नाईत, अन् त्यायची शेवटची बस काई पिक्चर संपेपर्यंत थांबत नाई. बस टॉकीजसमोरच उभी राह्यते. डायवरनं हॉर्न वाजवला का अर्धी टॉकीज उठली. हिरो मरो का जगो, बाया टोपल्या उचलून बाहेर! मी तर हॉर्न ऐकला का कढईखालचा जाळच कमी करत जाओ.

मोतीरामभाऊले हे लय लागे. तो म्हने, "भागाबाई, ही मानसं घरी जाऊन पोरायले गोष्ट सांगतात, अन् पोट्टे इचारतात मंग काय झालं, तर यायले म्हना लागते, माहीत नाई. हे बरं नाई." मंग त्यानं बाबारावसेठले पटवलं अन् एक रीत पाडली. बाजारच्या दिवशी नवा पिक्चर सुरू व्हाच्या आंधी मागच्या बाजारच्या पिक्चरचा शेवट दाखवाचा. फाडलेलं अर्धं तिकीट जपून आनलं का आत जाऊ देनार, दुसरं तिकीट नाई. रिळं होती तवा शेवटचं रीळ मागं ठेवून घ्या लागे. मंग नवी मशीन आली. आता पिक्चर कुलूप लावून येते अन् पिक्चर भाड्यानं देनारे हैद्राबादवाले नंबर पाठवतात तवा उघडते, तोबी थोडेच दिवस. तरी हा फोनवर त्यायच्या हातापाया पडून पुढच्या बाजारपर्यंत पिक्चर उघडा ठेवून घे. बाहेरच्या पाव्हन्यायले हसू येये. आंधी एकाचा हिरो मरते, मंग दुसऱ्याचा जन्माले येते, असं कुठं असते का? आमच्या अठी होतं. लोकं अर्धं तिकीट लुगड्याच्या गाठीत बांधून न्यायचे अन् निवांत बसमधी चढायचे.

बाबारावसेठ गेले अन् टॉकीज त्यायच्या पोराकडं आली, जीवनसेठकडं. तो लहानपनापासून हैद्राबादले हॉस्टेलात वाढला. पोरगा वाईट नाई, खोटं काऊन बोलू. आला तवा माह्या पाया पडला, भजे मागून खाल्ले. पन भजे खाता खाता म्हनला, "मावशी, इथं फंक्शन हॉल करायचा आहे. लग्नं, वाढदिवस. तुम्हाला धंदा जास्तच होईल." मोतीरामभाऊ बाजूलेच उभा होता. त्यानं माह्या हातातला पान्याचा लोटा घेतला अन् तसाच धरून राह्यला, पानी पिला नाई.

"सेठ," तो म्हनला, "टॉकीज चालते."

"कुठं चालते काका? लोक मोबाइलवर पाहतात. बाजाराचा दिवस सोडला तर इथं कोण असतं?"

हे तर खरंच होतं. सोमवार-मंगळवारी आत पाली अन् चिमन्या. पन मोतीरामभाऊनं जीवनसेठचा हात धरला. मी त्याले इतक्या वर्षात कोनाचा हात धरताना पाह्यलं नव्हतं. "सेठ, एक बाजार द्या. एकच. तुमी सवता येऊन बसा. मंग तुमी म्हनसान ते."

जीवनसेठनं हात हळूच सोडवून घेतला. शेवटी म्हनला, "ठीक आहे काका. एक पिक्चर लावा, बाजाराच्या दिवशी. मी स्वतः बसतो. लोक मन लावून शेवटपर्यंत बसले, तर टॉकीज चालू. नाही तर मग मला अडवायचं नाही."

त्या दिवसापासून मोतीरामभाऊचं जेवन सुटलं. मी डबा देओ तर तसाच परत ये. मी चिडले, "अहो, टॉकीजच्या आंधी तुमीच बंद पडसान!" तर म्हने, "भागाबाई, हे गेलं तर मी सकाळी उठून जाऊ कुठं?" मंग मी अजूनच ओरडले.

त्या वेळी हैद्राबादवाल्यायकडं दोन पिक्चर होते. दोनीबी चादरवाले. पाठीले चादर बांधून उडनारे, भिंतीवर चढनारे, डोळ्यातून विजा सोडनारे, त्यायले मी सारे चादरवालेच म्हनते. दीक्षा त्यायले सुपरहिरो म्हनते. ते आमच्या लोकायले आवडतात, हिंदीत असो का तेलगूत असो, हानामारी सारखीच कळते. दोनातला कोनता आनाचा हे ठरवाले दीक्षा रविवारी आली अन् मोबाइल उघडून बसली.

तिथं म्हने पिक्चरले मार्क देतात. दोन तऱ्हेचे. एक, पिक्चर पाहून पेपरात लिहिनाऱ्यायचे, समीक्षकायचे. दुसरे पब्लिकचे. पह्यल्या पिक्चरले समीक्षकायनं शंभरातले ब्यान्नव देल्ले होते अन् पब्लिकनं अठ्ठावन्न. दुसऱ्याले समीक्षकायचे एकतीस अन् पब्लिकचे छ्याऐंशी.

"झालं!" मी म्हनलं. "छ्याऐंशीवाला आना. बसनार पब्लिक आहे का समीक्षक?"

मोतीरामभाऊनं मान हलवली. "एकतीस म्हंजे नापास, भागाबाई. पस्तीसबी नाईत."

आता हे समजून घ्या. त्याच्या घरात मार्काची मोठी इज्जत. बापानं लोकायच्या वावरात जल्म काढला अन् पोरगी मार्कावर मास्तरीन झाली. मार्क खोटे असतात असं त्याच्यासमोर म्हनलं का त्याच्या जिवाले लागे. तो म्हने, "जो शिकला, ज्यानं हजार पिक्चर पाह्यले, तो उगीच ब्यान्नव देईन काय?"

"अन् पब्लिकनं उगीच छ्याऐंशी देल्ले?"

"पब्लिक काय, आपल्या हिरोले कोनीबी देते. आपल्या पोट्ट्याले माय कमी मार्क देईन का?"

मी म्हनलं, मागचं आठवा जरा. गेल्या साली एक चादरवाला आला होता, समीक्षकायनं डोक्यावर घेतलेला. आमची मंडळी इंटरवलले भजे खाऊन जे गेली ते परत आतच गेली नाई. त्याच्या मांगून एक आला, त्याले समीक्षकायनं धू धू धुतला, अन् अठी बाया खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या पिटत. तवा मी म्हनलं, पाहा, मार्क उलटे धराचे म्हंजे बरोबर येते. तर लेकाचा तिसरा असा आला का समीक्षकायनंबी नापास केला अन् आमच्या लोकायनंबी. टॉकीजातलं कुत्रं बाहेर येऊन माह्यापाशी बसलं. आता धरता काय, उलटं का सुलटं?

दीक्षा हसली. ती म्हनली, "मावशी, हजार पिक्चर घेतले तर दोन्ही आकडे बऱ्यापैकी सोबत चालतात. सुपरहिरोच्या पिक्चरात त्यांची जरा जास्तच फारकत होते. पण एका पिक्चरचं, एका गावाचं, त्यावरून सांगता येत नाही. आणि हे जे पब्लिक आहे ना, ते कुठलं कुठलं. त्यात आपल्या बाजारातली एक बाई नाही."

"मंग कायले पाहून राह्यलो आपन हे?"

यावर मोतीरामभाऊ हळूच बोलला. "जीवनसेठ पाहीन म्हनून. खुर्चीत बसाच्या आंधी तो मोबाइल काढीन. एकतीस दिसले का त्याचा निकाल तिथंच लागला. ब्यान्नव दिसले तर निदान बसन तरी."

हे मातर मले पटलं. पन एक गोष्ट मी सोडली नाई. ब्यान्नववाला पिक्चर लांबलचक होता. त्याचा शेवट बस गेल्यावर पडनार. मी म्हनलं, "मोतीरामभाऊ, बस!" तो म्हनला, "खेळ लवकर सुरू करू. मी करतो सारं."

अन् केलंबी बाप्पा त्यानं. बाजारच्या दिवशी सकाळपासून आटोत भोंगा लावून सवता बोलत फिरला. गळा बसला तवा दुकानादुकानावर गेला, भाजीवाल्या बायायपुढं हात जोडले, "आज जरा लवकर आटपा माय, आज माह्यी परीक्षा आहे." असा हात जोडनारा मानूस पाहून कोनाले नाई म्हनवन? बायायनं वांगे-टमाटे पडेल भावात काढले. बाजार वेळेआंधी उठला. टॉकीज अशी भरली का मागं भिंतीले टेकून लोकं उभे. मागच्या बाजारचा शेवट दाखवून झाला. मी मनातल्या मनात देवाले नारळ बोलून टाकला.

अन् जीवनसेठचा पत्ता नाई.

फोन आला, "काका, निर्मल गावाच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू आहे. मी आल्याशिवाय सुरू करू नका हं." झालं! लोकं आत शिट्ट्या मारून राह्यले, पोट्टे रडून राह्यले, अन् मोतीरामभाऊ महामार्गावर उभा राहून येनाऱ्या एकेका गाडीकडं पाहे. मी म्हनलं, करा सुरू, येईन तवा येईन. तर म्हने, "तो म्हनन, अर्धा पिक्चर दाखवून मले फसवलं." कमावलेला सारा वेळ तिथंच गेला. जीवनसेठ आला, सॉरी सॉरी म्हनत मागच्या रांगेत बसला. मोतीरामभाऊ मशीनच्या खोलीत पळाला.

पिक्चर सुरू झाला अन् मी बाहेर कान लावला. काईच नाई! ना धडाम, ना धुडूम. अर्धा घंटा झाला, एक शिट्टी नाई. मेले हे ब्यान्नव मार्कवाले, म्हनलं, बुडवलं यायनं माह्या मोतीरामभाऊले! समीक्षकायच्या सात पिढ्या काढल्या मी भजे तळता तळता. शेवटी राहवलं नाई, कढई उतरवली अन् आत गेले.

आत जाऊन पाह्यलं तर काय! पिक्चरमधला हिरो डोंगर उचलनारा, पन त्याची माय अंथरुनाले खिळेल. ती त्याले ओळखत नाई अन् घास घेत नाई. तो सारी दुनिया उडून पालथी घालते, येते, तिच्या उशाशी बसते, अन् चमचा तिच्या तोंडापाशी नेते. ती तोंड फिरवते. बस, एवढंच चाललं होतं. अन् लोकं! मालनबाई, इंद्रवेल्लीकडची, जिचं तोंड बाजारात मिनिटभर बंद राहत नाई, ती पदर तोंडात कोंबून बसली होती. तिच्या बाजूचा पिकल्या केसाचा बुडा उघड रडून राह्यला होता. पोट्टेबी गप. शिट्टी मारनार कोन? जीवनसेठनं सुरवातीले मोबाइल काढला होता म्हने, मी पाह्यलं तवा तो खिशात होता.

मले लाज वाटली. ज्यायले मी शिव्या घातल्या त्यायनं हे बरोबर पाह्यलं होतं. ब्यान्नव कमीच म्हना लागन. अन् मले इतका आनंद झाला का मी अंधारातच डोळे पुसले. वाचला, म्हनलं, मोतीरामभाऊ वाचला.

इंटरवल न करता पिक्चर चालूच राह्यला अन् मी तिथंच उभी; शेवट जवळ आला तवा मोतीरामभाऊ वरून उतरला. माह्या कानाशी आला. "भागाबाई, बसची वेळ झाली. अजून वीस मिनिट पिक्चर आहे. मी जातो, लिंगन्नाले थांबवतो." लिंगन्ना म्हंजे बसचा डायवर.

"लोकायले सांगू का, बस थांबनार म्हनून?"

"नको! पाय धरतो तुह्ये, कोनाशी बोलू नको. एकदा मानूस यातून बाहेर आला का परत आत जात नाई. अन् लिंगन्ना नाई म्हनला तर? खोटं कसं सांगू?"

अन् तो पळाला. या वयात, चपलाबी न घालता.

तिथं काय झालं हे लिंगन्नानंच मले मागून सांगितलं. मोतीरामभाऊनं बसच्या पायरीवर डोकं ठेवलं. म्हनला, "तम्मी, लहाना भाऊ आहे तू माह्या, वीस मिनिट." लिंगन्ना भला मानूस, त्याचा बाप याच टॉकीजात पिक्चर पाहून मोठा झालेला. तो म्हनला, "अरे अन्ना, बीस क्या, आधा घंटा रुकता. डिपोवाल्यांको मैं समझाता." मोतीरामभाऊ उठला, आभाळाकडं हात जोडले. अन् त्या भल्या डायवराले वाटलं, आत लोकायचा जीव बसमधी अडकला असन, त्यायले कळू द्यावं का मी आहे, मी कुठं जात नाई. म्हनून त्यानं हॉर्न वाजवला. लांबलचक, खुशीनं.

आत मी दाराशी उभी होते. पडद्यावर त्या मायनं डोळे उघडले होते. हिरो चमचा घेऊन वाकला होता. अन् हॉर्न वाजला.

सारी टॉकीज उठली, काय सांगू! तीस वर्षाची सवय. मानूस विचार कराच्या आंधी पाय उठतात. टोपल्या उचलल्या, पोट्टे काखेत घेतले, डोळे पुसत पुसत लोकं दाराकडं आले. मी दोनी हात पसरून आडवी झाले. "बसा! अरे बसा, बस थांबेल आहे! आज पुरा पाहा!" मालनबाईनं माह्या गालाले हात लावला, म्हनली, "काऊन गंमत करतं वं भागे? उरलेला पुढच्या बाजारी पाहू की. लय चांगला आहे, लय चांगला." अन् माह्या हाताखालून निघाली. त्यायले घाई नव्हती, दुख नव्हतं. शेवट कुठं पळून चालला होता? गाठीत अर्धं तिकीट होतं ना.

मोतीरामभाऊ बाहेरून त्या गर्दीत घुसला. उलटा, एकेकाचा खांदा धरून, "माय, थांबते बस! दादा, मांगं फिरा! पाया पडतो!" कोनी म्हने, जागा जाईन, कोनी म्हने, सामान टपावर चढवाचं आहे. एक बुडा त्यालेच म्हनला, "मोतीराम, पुढच्या बाजारी हाच शेवट नक्की ठेवजो." अन् गेला. पाहता पाहता टॉकीज खाली झाली. पडद्यावर हिरो बोलूनच राह्यला होता, रिकाम्या खुर्च्यायपुढं.

जीवनसेठ मागच्या रांगेतून उठला. मोतीरामभाऊ त्याच्यापुढं येऊन उभा राह्यला, धापा टाकत. मी बोलले, "सेठ, ते बसचा हॉर्न, अठची रीत आहे, लोकं रडून राह्यले होते, तुमी पाह्यलं नाई का?"

"मावशी, मला एकही शिट्टी ऐकू आली नाही." मंग तो मोतीरामभाऊकडं वळला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "काका, बस निघून जाते म्हणून लोक उठतात, हे मला मान्य आहे. पण आज बस थांबली होती ना? तुम्हीच थांबवली. तरी ते गेले. पिक्चर आवडला असता तर कोणी गेलं असतं का?"

मोतीरामभाऊनं दाराकडं पाह्यलं. काय सांगनार? बस थांबेल होती हे तर खरंच होतं. समोर दिसून राह्यली होती, उघड्या दरवाजातून.

"ब्यान्नव," जीवनसेठ मोबाइलकडं पाहून म्हनला, "चांगला असेलही. पण इथल्या लोकांसाठी नाही." अन् तोबी गेला. शेवट पाहाले थांबला नाई.

तवा मोतीरामभाऊ वर गेला अन् मशीन बंद केली.

जीवनसेठ शब्दाचा पक्का. पुढच्या बाजारच्या आंधीच टेम्पो आला, मशीन गेली, खुर्च्या गेल्या. मी मोतीरामभाऊले म्हनलं, "बाजारच्या दिवशी तुमी येऊ नका. दीक्षाकडं जा." तो म्हनला, "लोकं येतीन ना. त्यायले कोन सांगन?"

अन् लोकं आले. काय गर्दी, बाप्पा! अशी गर्दी मी त्या फाटकाशी आंधी पाह्यली नव्हती. आठ दिवस गावागावात त्या मायची गोष्ट झाली होती. जावा, ननंदा, शेजारनी, साऱ्यायले घेऊन आले. बाजार तसाच टाकून, अर्धी तिकिटं हातात धरून. एवढे मानसं त्या दिवशी जीवनसेठनं पाह्यले असते तर! पन हे मार्क मोबाइलात कोन टाकते? मी त्या फाटकाशी उभी राहून मोठ्यानं रडले, मले लाज नाई सांगाले.

मोतीरामभाऊ धुतलेला सदरा घालून उभा होता. मालनबाई पुढं आली. "उघड ना बापा. त्याच्या मायनं घास घेतला का नाई?"

"मशीन गेली, माय. टॉकीज बंद झाली."

"बरं, बंद झाली तर तोंडानं सांग. आमी अठीच बसतो." अन् ती खरंच धुरळ्यात बसली, तिच्या मांगं दुसऱ्याबी बसाले लागल्या.

"मले माहीत नाई," तो म्हनला. "मी नाई पाह्यला."

कोनालेच खरं वाटलं नाई. मांगून एक मानूस बोलला, "मशीन चालवे तू, अन् तुलेच माहीत नाई? आमाले काय येडे समजतं?" दुसरा म्हनला, "अर्ध्या पिक्चरचे पैसे पुरे घेतले." अन् मंग कोनीतरी तो शब्द काढला. लबाड. मोतीरामले लबाड! मी झारा घेऊन धावले, म्हनलं, कोन रे तो, पुढं ये, तुह्यं तोंड भाजते! पन मोतीरामभाऊनंच मले धरलं. "बोलू दे भागाबाई. मी देतो म्हनलं होतं, देल्लं नाई."

मालनबाई उठली. लुगडं झटकलं, अन् अर्धं तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. तिच्या मांगं दुसरीनं ठेवलं. मंग साऱ्यायनं. त्यानं दोनी हातायची ओंजळ केली होती, एकबी तिकीट खाली पडू देल्लं नाई. मंग बसचा हॉर्न वाजला अन् ते गेले. मोतीरामभाऊ तिथंच खाली बसला.

दीक्षा स्कूटी घेऊन आली होती, त्याले उटनूरले न्याले. हे सारं तिनं दुरून पाह्यलं. ती जवळ आली, बापाजवळ धुरळ्यातच बसली अन् मोबाइल काढला. "बाबा, तो पिक्चर आता मोबाइलवर आला आहे. शेवटची वीस मिनिटं आहेत. तुम्ही तरी पाहा. पाहाल ना?"

तिनं तो त्याच्या डोळ्यापुढं धरला. पडद्यावर ती म्हातारी होती, तो चमचा होता. मीबी वाकले. खोटं काऊन बोलू, मले पाहाचं होतं.

मोतीरामभाऊनं ओंजळ छातीशी धरली अन् तोंड फिरवलं.

"त्यायनं नाई पाह्यला, पोरी," तो म्हनला. "मी कायले पाहू?"